खाऱ्या पाण्यातला मासा आणि तयार खाद्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय खुले झाले, तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात मोडत होता, आणि समुद्रातला रंगीत मासा जिवंत पाहावयाचा तर मुंबई गाठण्यावाचून येथील रहिवाशास गत्यंतर नव्हते. आता कृत्रिम समुद्रमीठ, जलशुद्धीकरण यंत्रे आणि पाणी खेळते ठेवणारे पंप सहज मिळू लागल्यामुळे, किनाऱ्यापासून सरळ रेषेतही २५० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या या अवर्षणग्रस्त मुलखात खाऱ्या पाण्याची टाकी थाटणे अशक्य राहिलेले नाही. पाणी साधते, मीठ साधते. परंतु मोठ्या हौसेने आणलेला मासा समोर टाकलेल्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि मग ऐकीव उपायांची सरबत्ती सुरू होते. त्यांतील काही समजुती पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : भूक लागली की मासा आपोआप खाईल.

वस्तुस्थिती : लायनफिशसारखा शिकारी मासा काही दिवस उपाशी राहूनही सुस्थितीत असतो, कारण एका मोठ्या घासावर दिवस काढणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. परंतु खडकांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव दिवसभर टिपत हिंडणारा मँडरिन, किंवा प्रवाहातून वाहत येणारे प्लवक सतत गिळणारा अँथियास, यांच्या देहात दीर्घ उपवासाची तजवीज नसते. त्यांना उपासाने नमवू गेल्यास प्रथम पोट खपाटीला जाते, मग डोक्यामागचा पाठीचा स्नायू झडू लागतो, आणि त्या अवस्थेला पोचलेला मासा पुढे खाऊ लागला तरी बहुधा वाचत नाही.

गैरसमज : न खाणारा मासा हट्टी असतो.

वस्तुस्थिती : मासा आपले भक्ष्य हालचाल, आकार आणि गंध यांवरून ओळखतो, आयुष्यभर वळवळणारे जीव टिपलेल्या माशाच्या लेखी तळाशी निश्चल पडलेली गोळी हे अन्नच नव्हे. शिवाय प्रवासाचा शीण, टाकीतल्या दांडग्या माशांचा जाच, आतड्यातील परोपजीवी, आणि काही देशांत मासे पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायनाइडचा दुष्परिणाम, यांपैकी कोणतेही कारण त्याची भूक मारू शकते. म्हणून खाद्य बदलण्यापूर्वी पाणी तपासावे : क्षार दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस आणि अमोनिया शून्य. बोअरचे पाणी पुष्कळदा जड व क्षारयुक्त असल्यामुळे ते आरओ यंत्रातून काढूनच समुद्रमीठ मिसळावे. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे ध्यानात ठेवून वीज गेल्यास चालणाऱ्या हवेच्या पंपाचा बंदोबस्त ठेवावा. नवागत माशाला काही आठवडे मंद प्रकाशाच्या, लपण्यास आडोसा असलेल्या स्वतंत्र टाकीत ठेवणे, हे त्याला खाण्याकडे वळवण्याचे पहिले पाऊल होय.

गैरसमज : जिवंत अन्नाची चटक लागली की मासा तयार खाद्याला कधीच तोंड लावत नाही.

वस्तुस्थिती : जिवंत अन्न हीच तयार खाद्याकडे जाणारी पहिली पायरी आहे. आर्टेमिया या सूक्ष्म कवचधारी जीवाची कोरडी अंडी दर लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ असलेल्या, सुमारे २८ अंश तापमानाच्या पाण्यात हवा व उजेड देऊन ठेवल्यास साधारण एका दिवसात फुटतात. मात्र पिल्लांच्या अंगी असलेला पोषक बलक ती स्वतःच झपाट्याने वापरून टाकतात, म्हणून बाहेर येताच ती खाऊ घालावीत. मासा ती उत्सुकतेने टिपू लागला म्हणजे त्यांतच गोठवलेली मायसिस कोळंबी वितळवून थोडी मिसळावी, आणि पंपाच्या प्रवाहात ती अशी सोडावी की निर्जीव असूनही सजीव भासावी. दिवसागणिक जिवंत अन्न घटवीत, गोठवलेले वाढवीत न्यावे, आणि ते निःशंकपणे स्वीकारले गेल्यावरच त्याच्या रसात भिजवलेली मऊ गोळी मिसळावी. या क्रमास काही दिवस लागतील किंवा काही आठवडे. वेळ आणि जागा मात्र रोज एकच असावी, आणि उरलेले अन्न नळीने तत्काळ काढून टाकावे, कारण ते कुजून अमोनिया वाढतो.

प्रत्येक जातीची खाण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून युक्तीही वेगळी. कपारींतून किडे ओढून काढणाऱ्या लांब तोंडाच्या कॉपरबँड बटरफ्लाय माशासाठी खाद्य शिंपल्याच्या फटीत भरावे. लायनफिशपुढे कोळंबीचा तुकडा बारीक काडीच्या टोकाला लावून हलवावा. वनस्पतिभक्षी सर्जनफिशसाठी बिनमसाल्याचे वाळवलेले समुद्रशैवाल दगडाला बांधावे. शेजारी एखादा खाता, गरीब स्वभावाचा मासा असल्यास त्याचे पाहूनही नवागत खाऊ लागतो.

गैरसमज : आठवडी बाजारातली सुकट किंवा माजलगाव जलाशयातली लहान मासळी पुरेशी आहे.

वस्तुस्थिती : सुकट म्हणून विकला जाणारा जवळा समुद्रातलाच खरा, परंतु उन्हात वाळवून महिनोन्‌महिने साठवल्यावर त्यातील स्निग्धांश खवट होतो आणि जीवनसत्त्वे घटतात, ताजा किंवा गोठवलेला जवळा मिळाल्यास तो उपयुक्त आहे. गोड्या पाण्यातल्या मासळीत समुद्री माशांना आवश्यक असणारी काही मेदाम्ले अपुरी असतात, आणि कार्प कुळातील अनेक माशांत थायमिनेज हे ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते. असा आहार दीर्घकाळ चालवल्यास भरल्या पोटीही मासा कुपोषित राहतो.

गैरसमज : लसणाच्या रसाने भूक आणि रोग दोन्ही सुधारतात.

वस्तुस्थिती : लसणाच्या वासाने काही मासे खाद्याकडे वळत असतीलही; परंतु क्रिप्टोकॅरिऑन या परोपजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तो इलाज नव्हे. त्या रोगाकडे दुर्लक्ष करून लसूण चोळीत बसणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय.

गैरसमज : धीर धरला तर कोणताही मासा तयार खाद्य खाईल.

वस्तुस्थिती : केवळ प्रवाळ खाऊन जगणारे काही बटरफ्लाय मासे, आणि इतर माशांच्या अंगावरचे परोपजीवी टिपणारे क्लीनर रॅस, यांना टाकीत जगवणे अनुभवी पालकासही क्वचितच साधते. समुद्रघोड्याचा तर विचारच करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला २००१ पासून संरक्षण आहे. याउलट, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ज्याचे कृत्रिम प्रजनन साधले आहे, त्या क्लाउनफिशची टाकीतच जन्मलेली पिल्ले लहानपणापासून तयार खाद्यावर वाढलेली असल्यामुळे नवशिक्याला सर्वांत सोयीची ठरतात.

तात्पर्य, खाण्याचा प्रश्न पुष्कळदा खरेदीच्या वेळीच सुटतो किंवा बिघडतो. दुकानदारास विनासंकोच सांगावे की मासा खातो हे समोर दाखवा, आणि कोणते खाद्य खातो तेही विचारून घ्यावे. जो मासा दुकानात खात नाही, तो बीडपर्यंतचा प्रवास घडवून घरी आणू नये.