अनुशेषाचे मोजमाप

एखाद्या मागास प्रदेशासाठी सरकारने किती रक्कम मंजूर केली, एवढ्यावरून धोरणाचे यश ठरत नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली, सिंचन, रस्ते, आरोग्य इत्यादी बाबतींत राज्याच्या सरासरीहून मागे पडलेल्या जिल्ह्यांची तूट, म्हणजेच अनुशेष, मोजून ती रुपयांत मांडली आणि महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाच्या तक्रारीस हिशेबाचा आधार दिला, हे तिचे मोठेच कार्य होय. तथापि जिल्ह्याच्या सरासरीत एखादा कोरडा तालुका सहज झाकला जातो. म्हणून पुढे विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या मोजमापासाठी तालुका हे एकक सुचविले. पण एकक लहान केल्यानेही भागत नाही; कागदोपत्री सिंचनक्षमता वाढली, तरी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतास पाणी पोहोचले काय, हीच धोरणाची खरी कसोटी आहे.