छायाचित्र संपादन : फुकट की विकत?

कॅमेऱ्याचा मोबाइल घरोघरी पोहोचल्यापासून छायाचित्र काढणे सोपे झाले. मात्र काढलेले छायाचित्र नीटनेटके करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. 'फोटोशॉप' हे नाव सर्वांच्या तोंडी असते. परंतु ते विकत घ्यावे, फुकट पर्याय शोधावा की ओळखीच्या कुणाकडून 'कॉपी' मिळवावी, याचा निर्णय बहुधा ऐकीव सल्ल्यावरच होतो.

गरज कोणती?

घरगुती वापरकर्त्याच्या गरजा मोजक्या असतात. छायाचित्राची नको असलेली कड कापणे, तिरके आलेले दृश्य सरळ करणे, उजेड कमी-अधिक करणे, आजी-आजोबांच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरील डाग पुसणे, ही त्यांतील प्रमुख कामे. त्यात ऑनलाइन अर्जांची भर पडली आहे. बँक भरतीच्या अर्जात छायाचित्राची फाइल साधारणतः २० ते ५० केबी एवढीच असावी लागते. यांपैकी एकाही कामासाठी पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

फुकट पर्याय

'गिम्प' हे या गटातील सर्वांत समर्थ सॉफ्टवेअर. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचे काम सुरू केले. ते मुक्त स्रोत असून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर नंतर बदलण्याची सोय झाली. मात्र ते शिकण्यास वेळ द्यावा लागतो आणि छपाईच्या सीएमवायके रंगपद्धतीसाठी ते अपुरे पडते.

केवळ विंडोज वापरणाऱ्यांना 'पेंट डॉट नेट' अधिक सोपे वाटेल. 'फोटोपी' थेट ब्राउझरमध्ये चालते, फोटोशॉपच्या फाइलीही उघडते. त्याबदल्यात जाहिराती पाहाव्या लागतात. मोबाइलवर 'स्नॅपसीड' पुरेसे आहे.

पैसे कशाचे?

१९९० मध्ये आलेल्या फोटोशॉपचे खरे बळ अचूक निवड, छपाईसाठीची रंगव्यवस्था आणि व्यावसायिकांमधील सार्वत्रिक स्वीकार यांत आहे. एका लग्नाची शेकडो छायाचित्रे एकसारखी सुधारायची असतील, तर 'लाइटरूम' वेळ वाचवते. ज्यांचा चरितार्थ यावर चालतो, त्यांना हा खर्च परवडतो.

मात्र 'अडोबी' कंपनीने २०१३ मध्ये वर्गणीची पद्धत स्वीकारली. त्यामुळे ग्राहक सॉफ्टवेअर कायमचे विकत घेत नाही, भाड्याने घेतो. हप्ता थांबला की संपादनही थांबते.

फुकट आणि विकत यांतील सीमारेषाही आता पुसट होत आहे. एकदाच पैसे घेऊन मिळणाऱ्या 'अफिनिटी'ची कंपनी २०२४ मध्ये 'कॅन्व्हा'ने विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून हे सॉफ्टवेअर विनामूल्य केले. त्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींसाठी मात्र वर्गणी भरावी लागते.

फुकटाची किंमत

फुकट सेवा कायम राहीलच, याची हमी नसते. एके काळी घरोघरी वापरले जाणारे 'पिकासा' गुगलने २०१६ मध्ये बंद केले. त्याहून मोठा धोका अनोळखी संकेतस्थळांचा. अर्जासाठी फाइल लहान करण्याच्या घाईत उमेदवार आपले छायाचित्र आणि स्वाक्षरी परक्यांच्या हाती देतो. हे काम गिम्पमध्ये स्वतःच्या संगणकावरच होऊ शकते.

चोरटी प्रत हा तर पर्यायच नव्हे. तिच्यासोबत व्हायरस येण्याची भीती असते. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा गुन्हा असून, त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळून केवळ दंड करू शकते.

निवडताना हे पाहा

* आधी फुकट सॉफ्टवेअर महिनाभर वापरा. त्यात काय अडते, हे कळल्यावरच पैसे मोजा.
* सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.
* मूळ छायाचित्र जसेच्या तसे वेगळे जपा. बदल नेहमी प्रतीवर करा.
* पूर्ण झालेले काम जेपीईजी किंवा टिफ स्वरूपातही साठवा. सॉफ्टवेअर बदलले, तरी छायाचित्र उघडता येईल.