माल आणि माणूस

‘मॅड मेन’चे एकूण ९२ भाग. पहिला १९ जुलै २००७ रोजी ‘एएमसी’ वाहिनीवर आला, शेवटचा १७ मे २०१५ रोजी. काळ मार्च १९६० ते नोव्हेंबर १९७०. ठिकाण न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरची एक जाहिरात कंपनी. ‘त्यात होतं काय?’ असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते, कारण बऱ्याच भागांत काहीच होत नाही. माणसं पितात, सिगारेटी फुंकतात, खोटं बोलतात आणि लोकल पकडून घरी जातात. मला ते भाग आठवतात वस्तूंवरून. तो सिगारेटचा, तो सुटकेसचा, तो जग्वारचा. किराण्याच्या यादीसारखे.

निर्माता-लेखक मॅथ्यू वाइनरने मालिका रचलीच तशी. पहिल्या भागात नायकापुढे, जाहिरातकार डॉन ड्रेपरपुढे, पेच आहे: सिगारेट तब्येतीला बरी असं आता छापता येत नाही, मग छापायचं काय? तंबाखू भाजलेली आहे, एवढंच. सगळ्यांचीच भाजलेली असते. पण तसं सांगणारे पहिले आपण. (लकी स्ट्राइकची ही ओळ प्रत्यक्षात १९१७ची. वाइनरने ती डॉनच्या पदरात टाकली.) आपण हसून पुढे जातो, आणि शेवटच्या पर्वात डॉनच्या पहिल्या बायकोला, बेटीला, फुप्फुसाचा कर्करोग निघतो. उधारी दहा वर्षांची होती, एवढंच.

पहिल्या पर्वाचा शेवट म्हणजे ‘द व्हील’. कोडॅकवाल्यांना आपल्या स्लाइड प्रोजेक्टरच्या गोल चकतीचं कोण कौतुक! डॉन दिवे मालवतो आणि स्वतःच्याच संसाराच्या स्लाइड लावतो. हे चाक नाही, म्हणतो, हा जत्रेतला घोड्यांचा फिरता पाळणा. फिरवून आणून पुन्हा घरी सोडणारा. बायकोने घराबाहेर काढलेला एक सहकारी रडू आवरत बाहेर पळतो. डॉन स्वतः घरी पोचतो तेव्हा घर रिकामं असतं. सणाला माहेरी चल म्हणणाऱ्या बेटीला त्यानेच नकार दिलेला असतो. शिवाय या गृहस्थाचं नावही स्वतःचं नाही, कोरियाच्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं उचललेलं. आपले अरुण कोलटकरही जाहिरातीच्या धंद्यातच पोट भरत होते, पण कविता त्यांनी वेगळ्या वहीत ठेवली. डॉनकडे ती दुसरी वही नाही. जे काही खरं आहे ते कोडॅकला देऊन टाकायचं.

चौथ्या पर्वातला ‘द सुटकेस’ मला सगळ्यांत सरस वाटतो. तारीख २५ मे १९६५. अवघी कचेरी मुहम्मद अली आणि लिस्टनची झुंज पाहायला निघालीय. डॉनच्या हाताखालच्या पेगी ऑल्सनचा सव्विसावा वाढदिवस आहे, हॉटेलात तिचा मित्र तिच्या घरच्यांना घेऊन ताटकळतोय, आणि डॉन तिला सॅमसोनाइटच्या जाहिरातीसाठी अडकवून ठेवतो. खरं कारण वेगळंच. कॅलिफोर्नियाला एक फोन करायचाय, आणि तिथून कळणार काय हे त्याला ठाऊक आहे: त्याचं खरं नाव जाणणारी ॲना गेली असणार. म्हणून तो भांडतो, पितो, ओकतो. जिला बक्षीस मिळालं ती कल्पना मुळात माझी होती, तुम्ही साधे आभारही मानले नाहीत, असं पेगी रडकुंडीला येऊन सुनावते. त्यावर तो ओरडतो की पगार त्याचाच देतोय. पहाटे तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपलेल्या डॉनला ॲना दिसते, हातात सुटकेस घेऊन. सकाळी तो फोन लावतो आणि ढसाढसा रडतो. मग वर्तमानपत्रातला पडलेल्या लिस्टनचा फोटो पाहून जाहिरातही सुचते, कारण धंदा थांबत नाही. जाताना तो पेगीच्या हातावर हात ठेवतो. पहिल्या भागात तिने असाच ठेवलेला हात त्याने बाजूला सारला होता. चार पर्वं वाइनरने तो हात राखून ठेवला!

‘दि अदर वुमन’मध्ये जग्वारचं काम मिळावं म्हणून कचेरीतल्याच जोनला एका विक्रेत्याकडे पाठवतात, बदल्यात कंपनीत पाच टक्के भागीदारी. डॉन तिला अडवायला जातो ते आपण आधी पाहतो. तेव्हा फार उशीर झाला होता हे नंतर कळतं. संकलनाची एवढी क्रूर कातर मी छोट्या पडद्यावर क्वचितच पाहिली.

सहावं पर्व मात्र पाण्यात घातलेल्या पोह्यासारखं फुगतं. डॉनची तीच ती लफडी. आणि नागरी हक्कांच्या दशकात कृष्णवर्णीय माणसं बहुतेक लिफ्टशी नि टाइपरायटरशीच दिसतात. हे त्या कचेऱ्यांचं वास्तव खरं, पण मालिकाही त्यांच्या घरात फारशी शिरत नाही.

त्याच पर्वाच्या शेवटी हर्शे चॉकलेटवाल्यांपुढे डॉन आधी प्रेमळ बापाची ठरावीक गोष्ट सांगतो. सगळे खूश. मग हात थरथरायला लागतात आणि तो खरं सांगतो: आपण कुंटणखान्यात वाढलो, गिऱ्हाइकांचे खिसे चाचपून पैसे काढले की तिथली एक बाई चॉकलेट घेऊन द्यायची. खोट्या गोष्टीला दाद मिळाली होती. या खऱ्या गोष्टीवर सक्तीची रजा मिळते.

शेवटच्या ‘पर्सन टू पर्सन’ भागात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका आश्रमवजा जागी, लेनर्ड नावाचा कचेरीतला साधा माणूस आपलं स्वप्न सांगतो. मी फ्रिजमधल्या फळीवर बसलोय. दार उघडतं, दिवा लागतो, बाहेर सगळे हसताहेत. मला कुणी उचलत नाही, दार बंद होतं. डॉन उठून त्याला मिठी मारतो आणि रडतो. मग सकाळ, पद्मासन, ओंकार, ओठांवर हलकं हसू, आणि लगेच १९७१ची कोका-कोलाची ती खरीखुरी जाहिरात: टेकडीवर गाणारी तरुण पोरं, प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली. लेनर्डचं पुढे काय झालं, ते मालिका सांगत नाही.