वड्याच्या कढईलाही गुण मिळतात!

बदलापूरच्या बेलवलीत उद्या एखाद्या इमारतीने हरित प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तर काचा, दिवे आणि एसी यांवरच भागणार नाही. तिथल्या हॉटेलची भट्टी, फ्रीझर, एक्झॉस्टही ऊर्जेच्या हिशोबात येतात. हा हिशोब मोठा मजेदार आहे.

परीक्षेला बटाटा: अमेरिकी एएसटीएम मानकांनुसार फ्रायरची चाचणी गोठवलेले फ्रेंच फ्राइज तळून होते, ओव्हनची बटाटे भाजून. दिलेल्या उष्णतेतली किती पदार्थात उतरली, ती त्याची कार्यक्षमता.

पास होण्याचे गुण: अमेरिकेच्याच ‘एनर्जी स्टार’ या ऊर्जाबचतीच्या शिक्क्यासाठी गॅसच्या साध्या फ्रायरला किमान ५० टक्के, विजेच्या फ्रायरला ८३ टक्के लागतात. मात्र कोळशापासून वीज बनतानाच बरीच उष्णता वाया जाते, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून निकाल देऊ नये.

टाकीत किती युनिट? १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर १२० युनिट वड्यात न जाता आचाऱ्याच्या अंगावर येतात.

गिऱ्हाईक नसतानाही खर्च: तेल नुसतं तापवून ठेवायलाही इंधन जळतं. म्हणून चाचणीत रिकाम्या वेळेचा खर्च वेगळा मोजतात. दुपारी भट्टी बंद करणं ही बिनभांडवली बचत.

पंख्याची जादू: एक्झॉस्टचा वेग निम्मा केला, की वीज साधारण आठव्या हिश्शावर येते. धूर कमी असताना पंखा आपोआप मंदावणारी यंत्रणा म्हणूनच मोलाची.

फ्रीझरचे तारे: ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०२० मध्ये डीप फ्रीझरसाठीही तारांकन आणलं. फ्रीझर रात्रंदिवस चालतो, त्यामुळे दारातलं सैल रबर बदललं तरी बिलात फरक पडतो.

शिर्डीचा सूर्य: साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ सौर तबकड्या आहेत. त्या सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचं अन्न शिजतं. ऊन नसेल तेव्हा बॉयलर मदतीला येतो.

बेलवलीतल्या हॉटेलमालकांनो, केटररांनो, नवी भट्टी घेताना दुकानदाराला किमतीआधी दोन प्रश्न विचारा: पदार्थात किती टक्के उष्णता जाते, आणि रिकामी असताना ती किती गॅस खाते? प्रमाणपत्र मिळो न मिळो, सिलिंडर नक्की जास्त दिवस पुरेल आणि आचाऱ्याचा घामही कमी होईल.