किनारा सर्वांच्या मालकीचा

अमेरिकेतील पोर्टलँड शहराच्या परिसरात, विशेषतः हिल्सबरो व बीव्हर्टन येथे, संगणक क्षेत्रात काम करणारी भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आई-वडिलांना एका वेगळ्या प्रवासाचा आनंद घेता येतो. स्वयंपाकघर, शय्या आणि स्नानगृह यांनी सज्ज असलेली 'आर. व्ही.', म्हणजेच चाकांवरचे घर, भाड्याने घ्यायचे आणि ऑरेगॉन राज्याच्या किनाऱ्यालगत जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या महामार्गाने निघायचे. सुमारे ५८० किलोमीटर लांबीच्या या किनाऱ्यावर ठिकठिकाणी राज्य सरकारची उद्याने आहेत.

ही उद्याने दोन प्रकारची आहेत. काहींमध्ये गाडी उभी करून रात्री मुक्काम करता येतो. वीज व पाण्याची जोडणी आणि सांडपाणी सोडण्याची सोय तेथे असते. दुसरा प्रकार 'डे-यूज' उद्यानांचा. तेथे दिवसभर हिंडावे, वनभोजन करावे, समुद्र डोळे भरून पाहावा आणि रात्र पडण्यापूर्वी निघावे. मुक्कामाला मनाई असल्यामुळे तंबू आणि शेकोट्यांचा भार या जागांवर पडत नाही आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा सारखाच लाभ मिळतो.

एकोला उद्यान

या दुसऱ्या प्रकारातील एक नितांतसुंदर स्थळ म्हणजे कॅनन बीच गावाशेजारचे एकोला उद्यान. पोर्टलँडहून ते सुमारे १३० किलोमीटरवर आहे. उत्तरेकडील फोर्ट स्टीव्हन्स उद्यानात आर. व्ही.चा मुक्काम ठेवून येथे दिवसभरासाठी येता येते. स्प्रूस वृक्षांच्या दाट अरण्यातून जाणारा रस्ता अरुंद व वळणावळणाचा असल्याने मोठे वाहन मुक्कामावरच ठेवून लहान मोटारीने जाणे श्रेयस्कर.

अरण्य संपते आणि कड्याखाली अचानक प्रशांत महासागर पसरलेला दिसतो. दक्षिणेला ७२ मीटर उंचीचा 'हेस्टॅक रॉक' हा एकाकी खडक उभा आहे. वसंत ऋतूत व उन्हाळ्यात त्यावर पफिन पक्षी घरटी करतात. समोर, किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटर आत, एका खडकावर टिलामूक दीपगृह दिसते. १८८१ साली प्रज्वलित झालेला त्याचा दिवा १९५७ साली कायमचा मालवला.

'एकोला' हे नाव चिनूक भाषेतील देवमाशाच्या नावावरून आले. जानेवारी १८०६ मध्ये या परिसरात एक देवमासा वाहून आल्याची वार्ता ऐकून संशोधक विल्यम क्लार्क आपल्या साथीदारांसह येथे आला. सोबत साकागाविया ही शोशोनी स्त्रीही होती. इतका लांबचा प्रवास करूनही महासागर पाहायला मिळाला नाही, तर तो मोठा अन्याय होईल, असे सांगून तिने आपला समावेश करून घेतला होता.

एका कायद्याची कहाणी

समुद्र पाहण्याचा हा हक्क पुढे कायद्याने सर्वांना मिळाला. १९१३ साली गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांच्या पुढाकाराने भरती-ओहोटीच्या रेषांमधील संपूर्ण वाळवंट 'सार्वजनिक महामार्ग' म्हणून घोषित झाले. त्या काळी किनाऱ्यावर पक्के रस्ते नव्हते, लोक ओल्या वाळूवरूनच प्रवास करीत. महामार्ग म्हटल्यावर ती जमीन विकण्याचा प्रश्नच उरला नाही!

कोरड्या वाळूचा प्रश्न मात्र शिल्लक होता. १९६६ साली कॅनन बीच येथील एका मोटेलमालकाने आपल्या इमारतीपुढील वाळूवर कुंपण घातले आणि ती केवळ आपल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवली. जनतेत संतापाची लाट उसळली. गव्हर्नर टॉम मॅककॉल सर्वेक्षकांसह हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले, सार्वजनिक हक्काची सीमा कोठवर असावी हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवले आणि १९६७ साली 'बीच बिल' संमत झाले. वनस्पतींची रेषा सुरू होईपर्यंतच्या कोरड्या वाळूवर सर्वांना मुक्त संचाराचा हक्क मिळाला. लोक पूर्वापार या वाळूचा वापर करीत आले आहेत, या रूढीचा आधार घेऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ साली जनतेच्या बाजूने निर्णय दिला.

आज वाळूत किल्ले बांधणाऱ्या मुलांना हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. परंतु त्यांच्या खेळात कुंपण आडवे येत नाही, याचे श्रेय त्याच इतिहासाला आहे.

प्रवासापूर्वी

• मुक्कामाच्या जागेचे आरक्षण सहा महिने आधीपासून करता येते. उन्हाळ्यात ते लवकर करावे.

• आर. व्ही. भाड्याने घेताना क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम रोखून ठेवली जाते. कार्डाची मर्यादा, विमा आणि मैलांनुसार होणारी आकारणी आधीच तपासावी.

• एकोलासह काही उद्यानांत वाहनतळ शुल्क आहे. त्याची पावती गाडीच्या दर्शनी काचेपाशी ठेवावी.

• ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघावे. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत तारामासे दिसतात. ते पाहावेत, उचलू नयेत.

• येथे अकस्मात मोठी लाट येते आणि ओंडकेही उचलून नेते. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये व मुलांना ओंडक्यांवर चढू देऊ नये.

परतताना आपला कचरा सोबत न्यावा. किनारा सर्वांचा आहे, तशी त्याची निगाही सर्वांनीच राखायची आहे.