फळ्यावरचे चार रकाने

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात कोण कोणाला काय मानतं हे सांगायला शिकवायचं असलं, की मी आधी फळ्यावर तीन उभ्या रेघा मारते. चार रकाने होतात. पहिल्यात मानणारा, दुसऱ्यात क्रियापद, तिसऱ्यात ज्याच्याबद्दल बोलायचं तो, आणि चौथ्यात त्याला काय मानतात ते. ‘वी – रिगार्ड – हिम – ॲज अ फ्रेंड.’ मग प्रत्येक रकान्यात खाली आणखी तीन नोंदी घालायच्या आणि वर्गाने आडवं वाचत सुटायचं. चार रकान्यांत चार-चार नोंदी झाल्या की 256 वाक्यं हाताशी येतात. समोर बसलेली मंडळी मराठी शाळेत शिकलेली आणि आता नोकरीधंद्याला लागलेली असतात. कुणी नर्स, कुणी पतसंस्थेत क्लार्क, कुणी औषधाच्या दुकानात. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला व्याकरणाची व्याख्या जड जाते, तक्ता मात्र झेपतो.

तक्त्याची ही युक्ती जुनीच आहे. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने 1916 मध्ये असे शंभर तक्ते पुस्तकरूपात छापले. पुढे तो जपानला गेला आणि 1923 मध्ये टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था काढली. तिथेच ए. एस. हॉर्नबी त्याच्या कामात सामील झाला. कोणत्या क्रियापदामागून काय येतं, याचे साचे हॉर्नबीने बसवले आणि ते थेट शब्दकोशात घातले. आज ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून जो कोश आपल्याकडे घरोघरी दिसतो, तो मुळात 1942 मध्ये, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. परभाषिकाला नुसता अर्थ देऊन भागत नाही, शब्द वाक्यात कसा बसवायचा तेही सांगावं लागतं, हे या मंडळींना वर्गात शिकवताना कळलेलं होतं.

आमच्या फळ्यावर त्याचा प्रत्यय ‘ॲज’पाशी येतो. ‘रिगार्ड’ला ‘ॲज’ लागतोच. ‘लुक अपॉन’, ‘थिंक ऑफ’, ‘सी’ यांनाही लागतो. ‘कन्सिडर’ला त्याची गरज नाही: ‘वी कन्सिडर हिम अ फ्रेंड.’ मध्ये ‘टू बी’ घातलं तरी चालतं. ‘कन्सिडर’नंतर ‘ॲज’ लिहिणारे इंग्रजही भेटतात, पण परीक्षेत तो टाळलेला बरा. ‘कॉल’ला तर ‘ॲज’ अजिबात खपत नाही, आणि नेमका तिथेच आमचा वर्ग तो घालतो. ‘पीपल कॉल हिम ॲज अण्णा.’ दर बॅचला कुणीतरी हे म्हणतंच. कारण उघड आहे. त्यांना अण्णा ‘म्हणून’ हाक मारतात ना! मराठीतला तो ‘म्हणून’ ‘ॲज’चा वेष घेऊन इंग्रजीत शिरतो. ‘नोन ॲज अण्णा’ बरोबर असल्यामुळे घोळ आणखी वाढतो. यावर मला एकच उपाय सापडलाय: क्रियापद कधीही सुटं पाठ करायचं नाही, शेपटीसकट पाठ करायचं.

‘रिगार्ड’ची आणखी एक शेपटी आहे. ‘शी रिगार्ड्स हिम विथ सस्पिशन.’ इथे तो कोण आहे हे सांगितलेलंच नाही. ती त्याच्याकडे संशयाने पाहते, एवढंच कळतं. आदर, तिटकारा, कौतुक असे मनातले भाव सांगायचे असले की ‘विथ’ लावायचा.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. एका वाक्याचे तुकडे चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर पसरते. मराठी चिठ्ठ्या कशाही मांडा: ‘आम्ही त्यांना गुरू मानतो’, ‘गुरू मानतो आम्ही त्यांना’. अर्थ हलत नाही, कारण ‘त्यांना’मधला ‘ना’ जाईल तिथे आपली ओळख सांगतो. इंग्रजी नामाला असं काही चिकटत नाही, त्यामुळे तिथे जागा पाहूनच कोण कोणाला काय मानतं ते ओळखायचं. ‘वी कन्सिडर दॅट मॅन अवर गुरू’ मधल्या शेवटच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की वाक्य वाकडं होतं. औषधाच्या दुकानातले गृहस्थ चिठ्ठ्या चार वेळा इकडच्या तिकडे करून शेवटी म्हणाले, “मॅडम, म्हणजे इथे रांग मोडायची नाही.”

साचा हाताला बसला की क्रियापदाची निवड येते, आणि वर्ग खरा रंगतो तो तिथे. ‘कन्सिडर’ म्हणजे विचार करून बनवलेलं मत. ‘फाइंड’ म्हणजे अनुभवाने झालेलं मत. पुस्तक वाचून कंटाळा आला तर ‘आय फाउंड इट डल’. ‘टेक फॉर’ बहुतेकदा गैरसमजासाठी. नर्सबाईंनी यावर लगेच वाक्य दिलं. रात्रपाळीला पेशंटचे नातेवाईक त्यांनाच डॉक्टर समजतात: ‘दे टूक मी फॉर अ डॉक्टर.’ ‘ट्रीट’ मात्र मनातलं सांगत नाही, वागणूक सांगतो. सासू सुनेला मुलीसारखी वागवत असेल, मनातून मुलगी मानत असेलच असं नाही. यावर वर्गात जी चर्चा पेटली ती आवरायला मला घड्याळ दाखवावं लागलं.

एक गोष्ट मी आवर्जून सांगते. ‘रिगार्ड’ आणि ‘लुक अपॉन’ हे अर्जातले, भाषणातले शब्द. चहा पिताना इंग्रज माणूस ‘आय थिंक ही इज ब्रिलियंट’ किंवा ‘ही इज लाइक अ ब्रदर टू मी’ एवढंच म्हणेल. मैत्रिणीला ‘आय रिगार्ड यू ॲज माय फ्रेंड’ म्हटलं तर तिला ते निरोपसमारंभातलं वाटेल.

शेवटी कर्मणी प्रयोग. ‘ही इज कन्सिडर्ड अनरिलायबल.’ वाक्य ऐटबाज दिसतं, म्हणून कचेरीत काम करणाऱ्यांना ते फार आवडतं. पतसंस्थेतल्या क्लार्कने सरावासाठी एका काल्पनिक कर्जदाराबद्दल हेच लिहून आणलं. बाकावरून प्रश्न आला, “कोण मानतं असं?” त्याने वहीत पाहिलं. मानणारा वाक्यात नव्हताच. ‘बाय द मॅनेजर’ जोडता आलं असतं, पण तसं मॅनेजर कुठे म्हणाले होते? थोडा वेळ खोडाखोड करून त्याने नवं वाक्य वाचलं: ‘वी हॅव फाउंड हिम इर्रेग्युलर इन रीपेमेंट.’ आधीचंच वाक्य जास्त भारदस्त होतं, असं शेजारचा म्हणाला. क्लार्क म्हणाला, “असेल. पण उद्या तो काउंटरवर येऊन ‘कोण म्हणतं?’ विचारेल, तेव्हा मला खातं उघडून दाखवता येईल.”