मामांचं रिव्हॉल्व्हर

आमचे मामा गेल्या वर्षी वारले. १९७१ साली डॉक्टर म्हणून ओहायोतल्या एका लहानशा गावात आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. मृत्युपत्रात घर मामींना, पुस्तकं गावच्या लायब्ररीला आणि आम्हाला, 'भाचा इंजिनिअर आहे म्हणून', एक रिव्हॉल्व्हर!

मराठी डॉक्टरांच्या घरात हे आलं कुठून? एका शेतकऱ्याकडे फी द्यायला पैसे नव्हते, त्याने युद्धावरून आणलेलं हे हत्यार आणून दिलं. मामांनी ते कधी चालवलं नाही. त्याचा उपयोग वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. पाटावर स्टेथोस्कोप, मामींचं शिवणयंत्र आणि त्यांच्या शेजारी हे, सिलिंडर उघडून ठेवलेलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि पूजा झाली की शिवणयंत्राच्याच तेलाचे चार थेंब. आम्ही एम.एस.ला आलो तेव्हा, २००३ च्या दसऱ्याला, ते हातात धरून काढलेला आमचा फोटो मामींच्या अल्बममध्ये आहे. नेम कॅमेऱ्यावर, म्हणजे अर्थातच फोटो काढणाऱ्या मामांवर.

तर गेल्या मे महिन्यात मामींच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ते फडक्यातून सोडवलं. स्मिथ अँड वेसनचं 'व्हिक्टरी मॉडेल', दुसऱ्या महायुद्धातलं, .३८ स्पेशल, चार इंची नळी, मुठीखाली दोरीची कडी. सिलिंडर काही केल्या उघडेना. मेकॅनिकल इंजिनिअरच्या हाताला अशा वेळी जी खाज सुटते ती आम्हालाही सुटली. पक्कड आणायला उठलोच होतो, तेवढ्यात सौ. म्हणाली, "आधी बॅटरी लावून बघ तरी." सिलिंडर आणि त्यामागची चौकट यांच्यात बारीकशी फट असते. तिच्यातून पितळेच्या कडा चमकल्या. फिरवून पाहायची छाती झाली नाही, पण दोन्ही बाजूंनी दिसतील तेवढ्या मोजल्या. काडतुसं भरलेली की उडवलेली, हे मागून कळत नाही.

मामी म्हणाल्या, "छे रे, ह्यांनी कधी गोळी घातलीच नाही त्यात."

गावातल्या बंदूक-दुरुस्तीवाल्याला फोन केला. सत्तरीचा माणूस. म्हणाला, आणू नका, हातही लावू नका, मीच येतो. आला तो वाळूची बादली घेऊन. नळी वाळूकडे ठेवून त्याने दोन मिनिटांत दुखणं सांगितलं. सिलिंडरच्या मधून एक दांडी जाते, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी. ती आट्यांवर बसवलेली असते. या जुन्या मॉडेलांत आटे उजवे, त्यामुळे दांडी हळूहळू सैल होऊन लांब होते आणि पुढच्या खुंटीत अडकते. (१९६१ च्या सुमारास कंपनीने आटे डावे केले ते याचसाठी.) त्याने दांडीभोवती चामडं गुंडाळून पकडीने ती आत फिरवली आणि सिलिंडर उघडलं. सहा काडतुसं निघाली. सहाही भरलेली, हिरवट पडलेली.

मामी खुर्चीत बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

काडतुसं पोलिसांच्या स्वाधीन केली आणि पुढचं काम त्याच्या दुकानात झालं. आम्हाला शेजारी उभं राहू दिलं, हे त्याचे उपकार. काडतुसं ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली लाल-पिवळा घट्ट लगदा बसला होता. त्याने तो खरवडून उजेडात धरला आणि विचारलं, असला गंज मी कधी पाहिला नाही, हे काय? एका अमेरिकन बंदूकवाल्याला हळदकुंकू समजावून सांगायची पाळी कोणावर येऊ नये! तिथे केसभर कचरा बसला तरी सिलिंडर घासायला लागतं, आणि इथे पंचवीस-तीस दसरे साठले होते.

मग बाजूची झाकणपट्टी. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नसते. स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने टकटक केलं की आपोआप वर येते. आत आम्हाला खरा घाम फुटला. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक अडसर असतो. चाप ओढल्याशिवाय घोडा पुढे पोचू नये, म्हणून. सुरुवातीच्या व्हिक्टरीत हा अडसर म्हणजे झाकणपट्टीत बसवलेली एक स्प्रिंग-पट्टी. १९४४ मध्ये असंच एक रिव्हॉल्व्हर हातातून जहाजाच्या डेकवर पडलं, उडालं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने सरकणारा, जास्त भरवशाचा अडसर बसवला आणि क्रमांकात 'व्ही'च्या जोडीला 'एस' घातला. आमच्यावर नुसताच 'व्ही'. आणि पट्टी वाळलेल्या तेलात चिकटून बसलेली. म्हणजे सहा गोळ्या भरलेलं हे यंत्र कपाटाच्या वरच्या फळीवरून पडलं असतं तर मध्ये अडसर नव्हताच.

बाकी दुरुस्ती सरळ होती. सगळं धुऊन पुसलं, पट्टी मोकळी केली. दांडी पुन्हा घट्ट करताना घरांत रिकामी काडतुसं घातली, नाहीतर चांदणी पिळवटते. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने मोजली, सात थाऊ, म्हणजे उत्तम. घोडा हळूहळू ओढून सहाही घरं वेळेवर अडकतात का पाहिलं. वरचा मळकट करडा रंग मात्र तसाच ठेवला. चकचकीत करण्याचा मोह झाला होता, पण तो मूळचा फॉस्फेटचा लेप आहे, गेला की गेला.

वाचकांपैकी कोणाला असा वारसा मिळालाच तर एक सांगून ठेवतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मृत्युपत्रातून आलेलं हत्यार दुसऱ्या राज्यात नेता येतं, पण राज्याराज्यांचे नियम निराळे, ते आधी विचारावेत. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावाल्यांना १९९८ पासून, काही अपवाद सोडले तर, मनाई आहे. म्हणजे फोटोपुरता आम्ही कायदाही मोडला होता की काय!

त्या फोटोवरून आठवलं. परतायच्या आदल्या रात्री मामी एकदम म्हणाल्या, "अरे, शेजारी चोरी झाली होती ना, तेव्हा हे रात्री कपाटाशी काहीतरी खुडबुडत होते. तेव्हाच भरलं असणार. त्यानंतर पूजेला बंदच ठेवायचे, उघडायचेच नाहीत." कधीची गोष्ट, आम्ही विचारलं. "तू आलास ना, त्याच्या आदल्या वर्षीची."

अल्बम आम्ही पुन्हा उघडला नाही. त्या दिवशी चाप ओढला नव्हता, एवढं तर उघडच आहे.

सौ.ची अट होती की दोन मुलांच्या घरात हे चालतं राहणार नाही. म्हणून घोड्याची टोचणी काढून घेतली आणि रिव्हॉल्व्हर तिजोरीत कुलपात ठेवलं. यंदा खंडेनवमीला मामी व्हिडिओवर होत्या. आम्ही करंडा उघडला तशा म्हणाल्या, "कुंकू नको रे बाबा, नुसतं फूल वाहा."